अम्मीच्या फाईलवरची लाल ओळ

आमच्या घरात प्रत्येकाच्या नावाची एक फाईल असते. ही सवय अब्बांची. ते एस.टी.त कंडक्टर होते. कागद नसला की माणूस कसा अडतो हे त्यांनी नोकरीभर पाहिलं होतं. त्यांच्या इंतकालानंतर फाईली सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. माझं सासर आणि माहेर एकाच गावात, मध्ये दोन गल्ल्या. त्यामुळे अम्मीचे दवाखाने, गोळ्या, रिपोर्ट सगळं मीच पाहते.

अम्मीच्या फाईलच्या पुठ्ठ्यावर 2011 साली मी लाल शाईने एक ओळ लिहिली होती. अक्षर चांगलं असल्याचा मला जरा अभिमान आहे, म्हणून ठळक आणि टपोऱ्या अक्षरांत लिहिली होती: ‘दाताच्या इंजेक्शनची ॲलर्जी आहे. देऊ नये.’ ही ओळ 12 वर्षं तिथे राहिली. ती चुकीची होती, आणि तिची किंमत मी नाही, अम्मीने मोजली. माझी कबुली म्हणून तर हे लिहीत आहेच, पण असा एखादा कागद तुमच्याही कपाटात असू शकतो म्हणूनही लिहीत आहे.

त्या दिवशी काय झालं ते आधी सांगते. रमजानचा महिना होता, ऑगस्टचे दिवस, बाहेर पावसाची रिपरिप. अम्मीची खालची दाढ तीन दिवस ठणकत होती. रोज्यात दात काढता येतो का, हे तिने भाईजानला मौलवीसाहेबांकडे विचारायला पाठवलं. सुन्न करण्याची सुई म्हणजे अन्न नव्हे, पण रक्त-पाणी गिळू नये आणि जमल्यास इफ्तारनंतर जावं, असं उत्तर आलं. अम्मीला कळ सोसवेना. ती म्हणाली, “आत्ताच जाऊ.” दुपारी चार वाजता आम्ही दवाखान्यात पोहोचलो. सेहरी होऊन अकरा तास झाले होते. शिवाय रात्रभर झोप नव्हती. रोजा मोडेल का, हे आम्ही विचारून आलो होतो. रिकाम्या पोटी खुर्चीत बसावं का, हे मात्र आम्ही कुणालाच विचारलं नाही. रोजा आहे, हे डॉक्टरांनाही सांगितलं नाही.

अम्मीला सुईची भीती पहिल्यापासून. इंजेक्शन दिलं आणि मिनिटाभरात ती म्हणाली, “छाती धडधडती है.” हात थरथरू लागले. मग चेहरा पांढराफटक पडला, कपाळाला गार घाम सुटला, डोळे फिरले आणि मान एका बाजूला कलली. मी ओरडले. डॉक्टरांनी खुर्ची आडवी केली, पाय उचलून धरले. थोड्याच वेळात अम्मीने डोळे उघडले. दात त्या दिवशी निघाला नाही. डॉक्टरही घाबरले असावेत. ते म्हणाले, “यांना रिॲक्शन आली. पुढे कुठेही गेलात तर सांगत जा.”

ते ‘रिॲक्शन’ म्हणाले होते. घरी येऊन मी फाईलवर ‘ॲलर्जी’ लिहिलं.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. एका भाषेतला शब्द दुसरीत नेताना त्याचा अर्थ वाटेत सांडता कामा नये, हे मुलांना सांगण्यात माझी वीस वर्षं गेली. आणि स्वतःच्या आईच्या बाबतीत एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवताना मी क्षणभरही थांबले नाही.

पुढची 12 वर्षं अम्मीने कशी काढली? लवंगेचं तेल, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या. उजवीकडची दाढ दुखते म्हणून डावीकडून चावणं. मग डावीकडचीही गेली, तेव्हा भाकरी सालनात कुस्करून खाणं. दातांच्या डॉक्टरांचं नाव काढलं की ती म्हणायची, “मेरेकू वो सुई नको.” आणि आम्हीही म्हणायचो, “नको, ॲलर्जी आहे ना तिला.” भीतीला आम्ही कागदाचा आधार दिला होता. मध्ये 2016 साली तिला मधुमेह निघाला. हिरड्या आणखी बिघडल्या. हिरडीत जंतू असले की साखर आटोक्यात राहत नाही आणि साखर वाढली की हिरडी बरी होत नाही, असं ते दुष्टचक्र.

2023 च्या हिवाळ्यात एके दिवशी सकाळी फजरला उठली तर गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. ताप होता, तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. गावातल्या दातांच्या डॉक्टरांनी फाईल पाहिली, लाल ओळ वाचली आणि हात जोडले. “इंजेक्शन चालत नसेल तर मी दात काढू शकत नाही. पूर्ण भूल देऊन मोठ्या हॉस्पिटलात करावं लागेल.” त्यांची यात चूक नव्हती. त्यांनी माझंच लिहिलेलं वाचलं होतं. पण 66 वर्षांची, साखर तीनशेच्या घरात असलेली बाई, तिला दोन दाढांसाठी पूर्ण बेशुद्ध करायचं? मला त्या रात्री झोप आली नाही.

आम्ही तिला शहरातल्या दंत महाविद्यालयात नेलं. अँटिबायोटिक सुरू झालं, साखरेची औषधं बदलली. दोन दिवसांत गळू हिरडीतून आपोआप फुटलं आणि सूज उतरू लागली. पण मुळाशी असलेल्या दाढा काढल्याशिवाय ते पुन्हा होणारच होतं. तिथे एक तरुण डॉक्टर मुलगी होती, माझ्या पहिल्या बॅचच्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने लाल ओळ वाचली, फाईल मिटली आणि अम्मीजवळ स्टूल ओढून बसली.

“आजी, त्या दिवशी काय काय झालं ते मला क्रमाने सांगा.”

बारा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

तिने एकेक गोष्ट विचारली. अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या होत्या का? खाज सुटली होती का? ओठ, जीभ, पापण्या सुजल्या? घसा आवळल्यासारखा झाला? श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला? अम्मी प्रत्येकाला “नाही गं बाळ” म्हणत होती. मग, इंजेक्शननंतर किती वेळाने झालं? आडवं केल्यावर किती वेळात बरं वाटलं? त्या दिवशी जेवण केलं होतं का?

“रोजा था ना,” अम्मी म्हणाली.

डॉक्टर मुलगी माझ्याकडे बघून हळूच हसली. मग तिने मला जे समजावलं ते मला कळलं तसं लिहिते.

दातांच्या खुर्चीत सर्वांत जास्त वेळा जे घडतं ते म्हणजे चक्कर येऊन शुद्ध हरपणं. भीती, वेदना, उपाशी पोट, जागरण यांनी शरीरातली एक नस अशी चाळवते की हृदयाचे ठोके मंदावतात, पायांकडच्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. माणूस पांढरा पडतो, गार घाम येतो आणि तो कोसळतो. आडवं करून पाय वर उचलले की रक्त परत डोक्याकडे येतं आणि माणूस लवकर शुद्धीवर येतो. खरी ॲलर्जी केवळ आडवं केल्याने अशी झटक्यात ओसरत नाही.

मग आधी छाती धडधडली, हात थरथरले, ते काय? बधिर करण्याच्या औषधात बहुधा थोडं ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं. आपल्याकडे त्याचं सर्रास वापरलं जाणारं प्रमाण 80,000 भागांत 1 भाग. त्याने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं आणि बधिरपणा जास्त वेळ टिकतो. त्यातलं थोडं जरी चटकन रक्तात गेलं तरी छाती धडधडते, हात कापतात. शिवाय माणूस घाबरला की त्याचं स्वतःचं शरीरही तेच ॲड्रेनलिन सोडतं. ही धडधड काही मिनिटांत ओसरते. ती ॲलर्जी नव्हे.

गंमत अशी की खरी जीवघेणी ॲलर्जी झाली, तर जीव वाचवणारं पहिलं औषधही ॲड्रेनलिनच. तेव्हा ते 1000 भागांत 1 भाग एवढ्या तीव्र प्रमाणात मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात. ज्याला आम्ही दोषी समजत होतो, तेच खऱ्या संकटातलं औषध.

या औषधांना ॲलर्जी येते हा समज मात्र अगदी निराधार नाही. दातांसाठी पूर्वी प्रोकेन नावाचं औषध वापरत. ते 1905 साली जर्मनीत वापरात आलं. त्याच्या जातीच्या औषधांचं शरीरात विघटन होताना एक असा पदार्थ तयार होतो, ज्याने काहींना खरोखर ॲलर्जी होते. पुढे 1943 साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केलं. हे दुसऱ्या जातीचं औषध. आज आपल्या बहुतेक दवाखान्यांत हेच असतं. त्याची खरी ॲलर्जी फार विरळ. बधिर करण्याच्या औषधांबद्दल ज्या तक्रारी येतात, त्यांत खरी ॲलर्जी शंभरात एकाहूनही कमी निघते, असं वैद्यकीय पुस्तकं सांगतात. कधी कधी दोष मूळ औषधाचा नसून बाटलीतल्या जोडपदार्थाचा असतो. अनेकदा वापरायच्या मोठ्या बाटलीत औषध टिकावं म्हणून मिथाइलपॅराबेन घालतात. ॲड्रेनलिन असलेल्या औषधात सल्फाइट असतं, ते दम्याच्या काही रुग्णांना सोसत नाही. म्हणून ‘इंजेक्शनची ॲलर्जी’ एवढं म्हणून भागत नाही. कोणतं औषध, कोणत्या बाटलीतलं, हेही महत्त्वाचं.

“आजींना त्यानंतर कधी टाके घातलेत का?” डॉक्टर मुलीने शेवटी विचारलं.

मी नाही म्हणणार, तोच अम्मीने डावा तळहात पुढे केला. 2017 च्या बकरी ईदला गोश्त करताना सुरी लागली होती. ग्रामीण रुग्णालयात पाच टाके पडले होते. मी फाईल उलटी केली. कागद होता! पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. त्यावर डॉक्टरी अक्षरात औषधाचं नाव होतं: लिग्नोकेन 2 टक्के. तेच औषध. अम्मीने ते घेतलं होतं आणि तिला काहीही झालं नव्हतं. तेव्हा आम्ही ॲलर्जीचं सांगितलंच नाही, कारण आमच्या डोक्यात ती ‘दाताच्या सुईची’ ॲलर्जी होती. हाताची सुई वेगळी, दाताची वेगळी, असं आम्ही धरून चाललो होतो. उत्तर सहा वर्षं माझ्याच फाईलमध्ये पडून होतं.

तरीही त्या मुलीने लगेच सुई उचलली नाही. तिच्या वरिष्ठ सरांनी अम्मीला वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणीला पाठवलं. ते म्हणाले, “एकदा नीट तपासू, म्हणजे ही ओळ कायमची खोडता येईल.” अम्मी खाजेसाठी एक गोळी घेत असे. ती आठवडाभर थांबवायला सांगितली, कारण तिच्यामुळे त्वचेवरच्या तपासणीचा निकाल फसवा येऊ शकतो. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या होत्या. कोणती गोळी थांबवायची हे डॉक्टरांनीच सांगायचं, आपण ठरवायचं नाही.

तपासणीला सकाळ गेली. आधी हातात शिरेची सुई लावून ठेवली, बाजूला ॲड्रेनलिन आणि ऑक्सिजन तयार. मग हातावर औषधाचा थेंब ठेवून हलकंसं टोचलं. शेजारी नुसत्या मिठाच्या पाण्याचा थेंब, आणि ज्याने गांधी उठायलाच हवी अशा औषधाचा एक थेंब, तुलनेसाठी. थोडं थांबून पातळ केलेलं औषध त्वचेच्या आत. मग त्वचेखाली, थोडं थोडं वाढवत. प्रत्येक वेळी वाट पाहायची, नाडी आणि दाब पाहायचा. अम्मी तस्बीह फिरवत होती. मी तिच्या हाताकडे टक लावून बसले होते. फक्त तुलनेच्या थेंबाची गांधी उठली. बाकी हात स्वच्छ.

कागदावर लिहून मिळालं: लिग्नोकेनला प्रतिक्रिया नाही, वापरण्यास हरकत नाही.

दोन दिवसांनी दाढा काढल्या. अम्मीला घरून डाळ-भात खाऊ घालून नेलं, गोळ्या वेळेवर दिल्या. डॉक्टर मुलीने खुर्ची आधीच मागे कलती केली. सुई आत गेल्यावर तिने दट्ट्या थोडा मागे ओढून पाहिला, रक्तवाहिनीत तर नाही ना. मग अगदी सावकाश औषध सोडलं आणि अम्मीशी बोलत राहिली, नातवंडं किती, बिर्याणीत बटाटा घालता का. दोन्ही दाढा निघाल्या. अम्मी कापूस चावत बाहेर आली आणि हाताने खूण केली, एवढंच? तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण कारणं वेगळी होती.

घरी आल्यावर मी लाल ओळीवर रेघ मारली. खाली तारीख घातली आणि नवा कागद वर लावला. रेघ मारताना हात जड झाला. मुलांच्या वह्यांत चुका खोडताना कधी असं होत नाही. अम्मीला म्हटलं, “माझ्यामुळे तू बारा वर्षं सोसलंस. माफ कर.” ती म्हणाली, “तू काळजीनेच लिहिलं होतंस ना?” काळजीनेच लिहिलं होतं, हे खरं. पण काळजीसुद्धा विचारून करावी लागते, हे मला आता कळलं.

याचा अर्थ कुणी असा काढू नये की ॲलर्जी वगैरे सगळं मनाचे खेळ. शाळेत मी हा किस्सा सांगितला तेव्हा एका विद्यार्थिनीच्या आई मला भेटल्या. त्यांचा दात काढल्यावर रात्री ओठ सुजले होते, अंगभर गांधी उठल्या होत्या. त्यांनीही दोष इंजेक्शनलाच दिला होता. मी म्हटलं, “डॉक्टरांना घड्याळ सांगा.” इंजेक्शन सकाळी अकराला आणि सूज रात्री साडेनऊला. वेदनाशामक गोळी मात्र त्यांनी नऊला घेतली होती. तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा दोष त्या गोळीचा निघाला. आणि त्याच गोळीचं पाकीट त्यांच्या घरात, डोकं दुखलं की घ्यायला, ठेवलेलं होतं. इंजेक्शनला दोष देऊन त्या निश्चिंत होत्या आणि खरा धोका कपाटात होता. दातांच्या उपचारात गोळ्या, अँटिबायोटिक, हातमोज्यांचं रबर, गुळण्यांचं औषध, असं बरंच काही शरीराला लागतं. कोण दोषी हे अंदाजाने ठरवू नये.

म्हणून वाचक भगिनी-बंधूंना माझी विनंती आहे. घरात कुणाला दवाखान्यात असं काही झालं तर ‘ॲलर्जी’ हा एक शब्द लिहून मोकळं होऊ नका. जे झालं ते लिहा. कोणतं औषध दिलं, त्याचं नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या. किती वाजता दिलं, किती मिनिटांनी काय झालं, अंगावर काही उठलं का, सूज आली का, श्वासाला त्रास झाला का, कशाने आणि किती वेळात बरं वाटलं. पोटात अन्न होतं का, आधी कोणत्या गोळ्या घेतल्या होत्या. शक्य असेल तर अंगावरच्या पुरळाचा मोबाईलवर फोटो काढा. आणि रोजा असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगा.

जुनी ओळ असेल तर ती स्वतःहून खोडूही नका. ते तपासणीनंतर डॉक्टरांचं काम आहे. ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांधी, दम लागणं, आवाज बसणं असं काही दिसलं तर एक क्षणही वाया घालवू नका. दवाखान्यात असाल तर लगेच ओरडून सांगा, घरी असाल तर 108 ला फोन करा. आणि तपासणीत खरी ॲलर्जी निघालीच, तर औषधाच्या पूर्ण नावासह ती चिठ्ठी पाकिटात बाळगा. अशा माणसांसाठीही दुसरी औषधं असतात. दात दुखत बसण्याची पाळी कुणावरच येऊ नये.

आमच्या शाळेत दरवर्षी आरोग्याचा तक्ता भरून घेतात. त्यात ‘ॲलर्जी: आहे / नाही’ असा एक रकाना असतो. या वर्षी मी माझ्या वर्गासाठी त्याखाली हाताने आणखी एक ओळ आखली: ‘काय झालं होतं?’ पालकांना ती ओळ भरायला वेळ लागतो. पण लागू दे.

अम्मी आता दोन्ही बाजूंनी चावते. मागच्या ईदला तिने स्वतः हड्डीचं गोश्त मागून घेतलं. अल्हम्दुलिल्लाह.